पिठ्ठूवरचा ४६ ग्रॅमचा ट्रॅकर: चार महिने वापरून

डब्यावर कंपनीचं नाव नाही. मार्करनं 'सेट ३' एवढंच लिहिलंय. भोसरीच्या एका शेडमध्ये दोन पोरं पळणारा कुठं आहे ते लॅपटॉपवर दाखवणारे हे ट्रॅकर बनवतात. बाजारात आणण्याआधी वापरून बघायला त्यांनी मला १२ नग दिले, तेही अर्ध्या किमतीत. फुकट घेतले नाहीत, म्हणून भीडही नाही.

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची वर्षं फौजेच्या ट्रेनिंग सेंटरला पीटी उस्ताद, म्हणजे कसरत शिकवणारा, होतो, आता कोरेगाव तालुक्यात भरतीची अकॅडमी चालवतो. मैदानावरच्या १६०० मीटरला कसलं यंत्र लागत नाही. अग्निवीर भरतीत पहिल्या गटात बसायला ५ मिनिटं ३० सेकंद, आणि पोरगं सगळा वेळ डोळ्यांसमोर. शिट्टी आणि स्टॉपवॉच बास. डोकेदुखी असते ती निवड होऊन सेंटरला जायची वाट बघणाऱ्या पोरांची. त्यांना दर रविवारी पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या फौजी बॅगेत, १० किलो वाळू भरून कॅनॉलच्या रस्त्यानं जरंडेश्वराच्या पायथ्यापर्यंत पळवतो. पहिल्या वळणानंतर कोण पळतंय आणि कोण उसाच्या बांधावर टेकलंय, ते देवालाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी ट्रॅकरचा एक जुना सेट घेतला होता. छातीला पट्टा, पाठीला बॅटरीची डबी, एकूण ३८० ग्रॅम. १० किलोवर ३८० ग्रॅमचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण पिठ्ठू घट्ट आवळला की अंगाला चिकटतो. ही डबी मात्र पावलागणिक मणक्यावर आपटायची. पोरं एक खांदा उचलून पळायला लागली. त्यात पट्ट्याखाली घामोळं. तिसऱ्या रविवारी सेट कपाटात गेला, तो अजून तिथंच आहे.

सर्व्हिसमध्ये असताना एका संयुक्त सरावात अमेरिकन जवानांची लुटुपुटूच्या लढाईत घालायची लेझरवाली जाकिटं जवळून बघितली होती. ही पद्धत त्यांच्याकडे १९८० च्या आसपासपासून आहे. रायफलीला लेझरची डबी, ब्लँक (बिनगोळीचं) फायर केलं की किरण सुटतो, समोरच्याच्या जाकिटावर किंवा हेल्मेटवर लागला की पीं वाजतं आणि गडी 'मेला'. चहाची सुट्टी झाली की त्यांचा जवान पहिल्यांदा काय करायचा? जाकीट उतरवायचा.

नवा ट्रॅकर काडेपेटीएवढा आहे. गावातल्या सोनाराच्या काट्यावर ४६ ग्रॅम भरला. बनवणारे ४५ म्हणाले होते. एक ग्रॅम घामाचा धरू. पहिल्या रविवारी पोरांनी तो लावला, पळून आली आणि तसाच अंगावर ठेवून घरी निघाली. दोघांना फाटकातून परत बोलवावं लागलं. माझ्या लेखी हीच त्याची परीक्षा, आणि त्यात तो पास.

सुरुवातीला मात्र तो बसवायचा कुठं यावरच गाडी अडली. फुटबॉलवाले घालतात तसलं बनियन भोसरीवाल्यांनी दिलं होतं, दोन्ही खांद्यांच्या मध्ये खिसा असलेलं. फुटबॉलच्या मैदानावर ठीक आहे. आमच्याकडे त्या खिशावर पिठ्ठू येतो, पिठ्ठूत वाळू! जीपीएसला वर आभाळ दिसलं पाहिजे. लॅपटॉपवर पोरं कॅनॉल ओलांडून उसात आणि उसातून परत रस्त्यावर उड्या मारताना दिसत होती. फोन केला, तर पलीकडचा म्हणतो, "काका, बॅग घालून कुणी पळेल हे आमच्या डोक्यातच नव्हतं." म्हटलं, एका रविवारी इकडं ये आणि घालून पळ. खरंच आला. दोन किलोमीटरवर बसला. पुढच्या आठवड्यात पिठ्ठूच्या खांदपट्ट्यावर लावायची क्लिप आली आणि ठिपके रस्त्यावर आले.

यात सिम नाही. परवाना न लागणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरा रेडिओनं (कमी बॅटरीत थोडीशी माहिती लांबवर पाठवणाऱ्या) तो दर १० सेकंदाला आपली जागा कळवतो. अँटेना मी पाण्याच्या टाकीवर बांधलाय. मोकळ्यावर चार किलोमीटर सहज मिळतात, टेकडीआड गेलं की ठिपका गायब. सगळी नोंद माझ्याच लॅपटॉपवर राहते, आणि मला तेच हवं होतं. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर जवानांच्या धावण्याच्या रेघांवरून परदेशातले लष्करी तळ उघडे पडले होते. उद्या फौजेत जाणाऱ्या पोरांना ही सवय आत्ताच लागलेली बरी.

वेळ मोजायला मात्र हा घेऊ नका. १० सेकंदाच्या नोंदीवर ५:३० आणि ५:३५ मधला फरक काय कळणार? रिंगणात प्रत्येक ठिपका दोन-चार मीटर इकडंतिकडं पडतो, त्यामुळं १६०० मीटरचे कधी १६७० होतात.

चोरी पकडायला मात्र झकास. एका रविवारी दोन ठिपके पहिल्या वळणापासून परत येईपर्यंत एकमेकांना चिकटलेले. एवढी दोस्ती मी पलटणीतही बघितली नाही. एकानं दोघांचे ट्रॅकर लावले होते, दुसरा बाभळीखाली झोपलेला. पुढच्या रविवारी झोपणाऱ्यानं दोन पिठ्ठू नेले.

आता ज्यासाठी पैसे दिले ते. ठिपका दोन मिनिटं हलला नाही की लॅपटॉप बोंबलतो. १३ जुलै २०१३ ला वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरात ब्रिटिश फौजेच्या निवड चाचणीत उन्हाच्या तडाख्यानं तीन राखीव सैनिक दगावले, दोघं त्याच दिवशी, तिसरा नंतर दवाखान्यात. तिघांकडे ट्रॅकर होते. थांबलेत हे कळण्यासारखं होतं, पण वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. चौकशीत ते बाहेर आलं. मे महिन्यात सकाळी पावणेआठला आमचा लॅपटॉप बोंबलला, सात नंबर. मोटारसायकल काढून गेलो तर पोरगं कॅनॉलच्या भिंतीला टेकून बसलेलं, ओठ पांढरे, नाव विचारलं तर गावाचं नाव सांगतंय. पिठ्ठू उतरवला, सावलीत घेतलं, मानेवर-काखेत कॅनॉलचं पाणी मारत राहिलो आणि गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घरी आलं.

पण त्या वेळी मी लॅपटॉपजवळ होतो म्हणून. आवाज तिथंच येतो, मोबाइलवर नाही. चहा आणायला गेलो असतो तर? ही गोष्ट मी भोसरीवाल्यांना तीनदा सांगितलीय, 'पुढच्या सेटला देतो' म्हणतात. तोवर रविवारी दहापर्यंत बायको लॅपटॉपसमोर भाजी निवडत बसते.

बॅटरी तीन रविवार जाते. वेल्क्रो मात्र चिखलात दोनदा सुटला, आता सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यावर चढवलेत. किंमत पूर्ण केली तरी सेट घेईन, पण आवाज मोबाइलवर आल्यावरच.