राजीनामा दिल्यावर हाती पडलेली चौदा पाने

जून २०२४ मध्ये महापे येथील एका कंपनीत लेखा विभागासाठी माझी मुलाखत झाली, तेव्हा मुलाखत घेणारे साहेब मूळचे कोरेगावचे निघाले. माझे आजोळ त्याच तालुक्यातले असल्यामुळे निम्मा वेळ आल्याच्या भावात आणि गावच्या यात्रेत गेला. ‘‘आपल्याकडचाच माणूस हवा होता, कागदपत्रांचं एचआर बघेल,’’ असे म्हणून त्यांनी वर्षाला सात लाख वीस हजार, म्हणजे ‘महिना साठ’, हा आकडा तोंडीच ठरवला. सूर इतका जुळला होता की पगाराची फोड मागणे मलाच कोतेपणाचे वाटले. आज वाटते की तो जिव्हाळा मुद्दाम पेरलेला होता.

ईमेलने आलेले ऑफर लेटर एका पानाचे होते. हुद्दा, वार्षिक आकडा, रुजू होण्याची तारीख आणि शेवटी ‘इतर अटी नियुक्तीपत्राप्रमाणे’ एवढाच मजकूर त्यात होता. त्याच्या भरवशावर मी वागळे इस्टेटमधली आठ वर्षांची नोकरी सोडली. रुजू झालो त्या सकाळी चौदा पानी नियुक्तीपत्र समोर आले. सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या आधीच लावलेल्या होत्या. मी पहिल्या पानापासून वाचू लागलो, तशी एचआरच्या बाईंनी दोन बोटांनी पाने उलटून थेट चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, ‘‘सर, सगळ्यांना सेमच असतं.’’ शंभराच्या स्टँप पेपरवर दोन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड होता, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे. मूळ प्रमाणपत्रे ‘पडताळणीसाठी’ कपाटात गेली. जुन्या जागी माणूस आधीच घेतला गेला होता, त्यामुळे परतीची वाट नव्हती आणि मी सह्या केल्या.

पहिला पगार बेचाळीस हजार आला. फोड मागितल्यावर समजले की सात लाख वीस हजारांपैकी वीस टक्के, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार, ‘व्हेरिएबल’ होते आणि ते देणे व्यवस्थापनाच्या मर्जीवर होते. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ताही त्याच आकड्यात बसवलेला होता. त्यातली ग्रॅच्युइटी तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षे सलग काढल्याशिवाय हाती येणार नव्हती. हा सगळा हिशेब मीच मांडायला हवा होता, कारण लोकांचे हिशेब तपासण्याचाच माझा धंदा आहे.

कामाचेही तसेच झाले. ‘कंपनी नेमून देईल ते काम’ या एका ओळीच्या आधारे मला तुर्भे आणि रबाळ्याच्या गाळ्यांमधून थकलेली बिले वसूल करायला पाठवले जाऊ लागले. सोडायचे म्हटले तर माझी नोटीस नव्वद दिवसांची आणि कंपनीची पंधरा. साहेबांना भेटलो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, वाचून सही केलीत ना?’’ त्या दिवशी गावचा विषय निघाला नाही.

पाचव्या महिन्यात ठाण्यातल्या एका वकिलांचा सल्ला घेतला. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडमध्ये लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई, असे त्यांनी सांगितले. मात्र बाँड म्हणजे रद्दी, या भ्रमात राहू नका, असेही बजावले. त्यांचे खरेच होते. पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. वकिलांची नोटीस गेल्यावर प्रमाणपत्रे परत मिळाली. शेवटच्या दीड महिन्याच्या पगारावर मात्र मी पाणी सोडले.

त्यानंतर दोन ठिकाणी माझी निवड झाली. दोन्हीकडे मी होकार देण्यापूर्वी नियुक्तीपत्राचा पूर्ण मसुदा, पगाराची महिनावार फोड आणि कामाचे स्वरूप ईमेलवर मागितले. ऐरोलीच्या कंपनीने ते त्याच संध्याकाळी पाठवले. दुसरीकडून ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असे उत्तर आले आणि त्यांना मी नम्रपणे नकार कळवला.