शहराचा फेडरल घरनिधी: बांधकामाला ठेवायचा की भाड्याकडे वळवायचा?

अमेरिकेत सिटी कौन्सिलच्या अजेंड्यावर अधूनमधून एक ओळ येते: वार्षिक ॲक्शन प्लॅनमध्ये (केंद्राचा घरनिधी वर्षभर कुठे खर्च करायचा त्या आराखड्यात) मोठा बदल, 'होम' निधी भाडेसाहाय्याकडे वर्ग. घरं बांधायला किंवा दुरुस्त करायला वॉशिंग्टनहून आलेला पैसा आता गरजू भाडेकरूंचं भाडं भरायला वापरावा, असं शहराच्या मनात आहे, एवढाच तिचा अर्थ. अशा बदलाआधी लोकांना सूचना-हरकती मांडायला साधारणपणे किमान 30 दिवस द्यावे लागतात. त्या 30 दिवसांत तुम्हाला हो की नाही हे ठरवायचं असेल, तर दोन्ही वाटा शेजारीशेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगते. शहरात भाड्याने घेण्याजोगी घरं रिकामी असतील आणि बांधकामाचा पैसा नुसता पडून असेल, तर तो वळवावा. या दोन्ही गोष्टी नसतील, तर मी सुनावणीत विरोधात बोलेन.

आधी पैसा कोणता ते बघा

'होम' ही योजना 1990 च्या कायद्यातून आली. 2024 च्या आर्थिक वर्षात तिला देशभरासाठी 125 कोटी डॉलर मिळाले. केंद्राचं 'हड' हे गृहनिर्माण खातं तो पैसा राज्यांना आणि शहरांना वाटतं. त्यातून भाड्याची नवी घरं उभारता येतात, जुनी दुरुस्त करता येतात, पहिलं घर घेणाऱ्याला हातभार लावता येतो आणि भाडेकरूचं भाडंही भरता येतं. म्हणजे कौन्सिलने 'होम'मधला पैसा भाड्याकडे नेला, तर त्यात नियमबाह्य काही नाही.

'सीडीबीजी' (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, म्हणजे वस्त्यांच्या विकासासाठीचं केंद्राचं अनुदान) हा 1974 पासूनचा दुसरा निधी. तिथे हात बांधलेले आहेत. त्यातून भाडं भरता येतं ते फक्त तातडीची मदत म्हणून, सलग तीन महिन्यांपर्यंत, आणि पैसे भाडेकरूच्या हातात न देता थेट घरमालकाला. शिवाय अशा सेवांवर एकूण निधीच्या 15 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो, आणि त्याच 15 टक्क्यांत ज्येष्ठांचं जेवण, पाळणाघरं, मुलांचे उपक्रम हे सगळे वाटेकरी असतात. तेव्हा प्रस्ताव 'सीडीबीजी'चा असेल, तर वाद बांधकाम विरुद्ध भाडं एवढाच राहत नाही. कुणाचं ताट कमी होणार, तेही विचारावं लागतं.

इथून पुढे मी 'होम'बद्दलच बोलते.

भाड्याची बाजू

मी काही काळ शनिवारी एका सभागृहात लोकांना अर्ज भरून द्यायला बसत असे. एकदा एक बाई आल्या. वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायच्या. पिशवीतून त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या, चार घड्या घातलेलं लीज काढलं आणि शेवटी दारावर चिकटवलेली नोटीस. तिच्या कोपऱ्यांना निळी चिकटपट्टी अजून तशीच होती. भाडं भरा नाहीतर घर सोडा, अशी नोटिशीवर तीन दिवसांची मुदत होती. कॅलिफोर्नियात भाडं थकलं की घरमालक अशी नोटीस देऊ शकतो, त्यात शनिवार-रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या धरत नाहीत. त्या बाईंना मी तीन वर्षांनी होणाऱ्या इमारतीचं काय सांगणार होते?

भाडेसाहाय्याचं खरं बळ इथे आहे. पैसा काही आठवड्यांत घरापर्यंत पोचू शकतो. हिशेबही कुटुंबाच्या मिळकतीवर बसतो: साधारणपणे कुटुंब आपल्या समायोजित उत्पन्नाचा (ठरावीक वजावटी काढून उरलेल्या मिळकतीचा) 30 टक्के भाग भरतं, आणि शहराने ठरवलेल्या भाडे-मर्यादेपर्यंतची उरलेली रक्कम योजना भरते. करार एका वेळी जास्तीत जास्त 24 महिन्यांचा असतो, निधी असला तर वाढवता येतो. दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिटही यातून देता येतं, आणि बऱ्याच कुटुंबांचं घर नेमकं या डिपॉझिटपायीच अडलेलं असतं.

फारशी बोलली न जाणारी गोष्ट ही, की 'होम'मधून बांधलेल्या घराचं भाडं कुटुंबाच्या मिळकतीप्रमाणे कमी-जास्त होत नाही. त्याला कमाल मर्यादा असते, पण ती त्या भागातल्या बाजारभावावर आणि सरासरी उत्पन्नाच्या पट्ट्यावर ठरते. त्यामुळे अगदी तळाच्या कुटुंबाला, म्हणजे त्या लाँड्रीतल्या बाईंसारखीला, 'परवडणारं' म्हणून बांधलेलं घरही परवडेलच असं नाही. सर्वांत गरीब माणसापर्यंत पोचायचं असेल, तर भाडेसाहाय्य बांधकामापेक्षा जास्त खोल जातं.

बांधकामाची बाजू, आणि एक हिशेब

नवी भाड्याची इमारत 'होम'च्या पैशातून उभी राहिली, की तिच्यातली ठरवून दिलेली घरं 20 वर्षं कमी भाड्याचीच ठेवावी लागतात. घरमालक बदलला तरी ही अट सुटत नाही. बाजार चढला तरी ती भाडी मर्यादेतच राहतात.

समजण्यापुरते आकडे घेऊ, हे माझे आहेत. शहराकडे 10 लाख डॉलर आहेत. एका कुटुंबाचं भाडं महिना 1,800, त्यातले 750 ते भरतं, उरलेले 1,050 योजना भरते. दोन वर्षांचे झाले 25,200, अधिक 1,800 डिपॉझिट, मिळून 27,000. म्हणजे 37 कुटुंबं दोन वर्षं घरात राहिली: 74 घर-वर्षं. तोच पैसा घरामागे एक लाख याप्रमाणे इमारतीत घातला, तर 10 घरं, प्रत्येकी 20 वर्षं: 200 घर-वर्षं. हे पाहून बांधकाम सरळ जिंकतं असं वाटतं.

पण घर एका लाखात होत नाही. पूर्ण खर्च चार लाख धरला, तर बाकीचे तीन लाख कर-सवलतीच्या बदल्यात पैसा घालणारे गुंतवणूकदार, बँकेचं कर्ज, राज्याचा निधी यांतून येतात. आपल्या पैशाचा वाटा चौथाईच, म्हणून श्रेयही चौथाईच धरलं, तर 200 ची 50 होतात, आणि भाडेसाहाय्य पुढे जातं. बिल्डरकडचे लोक यावर म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की तो शेवटचा लाख नसेल तर आधीचे तीन लाखही येत नाहीत, प्रकल्पच उभा राहत नाही. तेव्हा प्रश्न सरसकट विचारून भागत नाही. तुमच्या शहरात आज एखादा प्रकल्प या शेवटच्या पैशासाठी थांबला आहे का? थांबला असेल, तर त्याच्या तोंडचा घास काढणं मला महागात पडणारं वाटतं. आणि जमीन मिळाली नाही किंवा परवानगी अडली म्हणून पैसा दोन-दोन वर्षं हललाच नसेल, तर तो कुटुंबांच्या कामी लावावा.

अडचण कुठे येते

भाडेसाहाय्य मंजूर झाल्याची चिठ्ठी, म्हणजे व्हाउचर, हातात आहे पण घर मिळत नाही, हा भाडेसाहाय्याचा पहिला धोका. घर तपासणीत बसावं लागतं: धूर-सूचक चालू हवा, गरम पाणी हवं, आणि 1978 पूर्वीचं घर असून कुटुंबात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर रंगाचे पोपडेही बघतात, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. काही घरमालक या तपासणीला नको म्हणतात, काही कागदपत्रांना. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून सरकारी मदत आहे म्हणून भाडेकरूला नाकारता येत नाही. टेक्ससमध्ये उलट, 2015 च्या कायद्याने शहरांना असा नियम करण्यालाच मोठ्या प्रमाणात बंदी आहे. तेव्हा एकच प्रस्ताव सॅन होजेत आणि डॅलसमध्ये वेगवेगळा वागेल. रिकामी घरंच नसलेल्या शहरात तर त्याच थोड्या घरांमागे जास्त लोक धावतील.

दुसरा धोका, मदत संपते तो दिवस. 2021 मध्ये केंद्राने 500 कोटी डॉलरमधून 70,000 आणीबाणीची व्हाउचर दिली. ती 2030 पर्यंत पुरतील अशी कल्पना होती. भाडी वाढत गेली, आणि 2025 मध्ये 'हड'ने कळवलं की पैसा 2026 मध्येच संपणार. ज्यांनी मुलांना त्या भागातल्या शाळेत घातलं, त्यांना आता पुन्हा शोधाशोध. बांधलेल्या घराला हा धोका एवढा नाही. आणि मूळ निधीचीही शाश्वती नाही: 2026 च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात प्रशासनाने 'होम' आणि 'सीडीबीजी' दोन्ही बंद करायला सुचवलं होतं.

तिसरा, वाटपाची पद्धत. मे 2020 मध्ये ह्यूस्टनने कोविडच्या केंद्रीय मदतीतून दीड कोटी डॉलरचं भाडेसाहाय्य जाहीर केलं. आधी घरमालकाने नाव नोंदवायचं, मग त्याच्या भाडेकरूंनी अर्ज करायचा. अर्ज खुले झाले आणि दोन तासांच्या आत पैसा संपला. ज्याच्याकडे चांगला फोन आणि मोकळा वेळ होता त्याचं काम झालं, पाळीवर असलेल्याचं राहून गेलं. 'आधी येईल त्याला' असं प्रस्तावात लिहिलेलं असेल, तर त्यावर हरकत जरूर घ्या. ठरावीक मुदतीत सगळे अर्ज घेऊन गरजेप्रमाणे क्रम लावणं, किंवा सोडत काढणं, हे जास्त न्यायाचं आहे.

तिसरी वाट, जी गुपचूप कापली जाते

जुन्या घरांची दुरुस्ती. स्वतःच्या घरात राहणाऱ्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाचं छप्पर गळतं, हीटर बंद पडतो. यांची संघटना नसते, यांच्या बाजूने सुनावणीला बिल्डर येत नाही, भाडेकरूंचे कार्यकर्तेही येत नाहीत. म्हणून पैसा वळवायची वेळ आली की पहिला हात बहुधा याच डब्यात जातो. मला हे पटत नाही. छप्पर वेळेवर झालं, तर ते माणूस आपल्याच घरात राहतं, आणि हाही बेघर होणं टाळण्याचाच एक मार्ग आहे.

सुनावणीला जाताना

जाहीर नोटीस काढून वाचा. पैसा कुठे चालला हे ठळक छापलेलं असतं, तो कुठून काढला हे बहुधा खालच्या ओळीत. ती ओळ आधी शोधा. मग विचारा: तो पैसा किती महिने पडून होता, 24 महिने झाल्यावर या कुटुंबांचं काय करायचं ठरलं आहे, आणि योजनेत यायला तयार असलेले घरमालक आज हातात किती आहेत. शेवटच्या प्रश्नाला शहराच्या कर्मचाऱ्यांकडे आकडा असेल, तर मी उठून पाठिंबा देईन. तो नसेल, तर घरमालकांची यादी तयार होईपर्यंत निम्मीच रक्कम वळवा, अशी सूचना लेखी द्या. लेखी सूचनांचा सारांश आणि न स्वीकारलेल्या सूचनांची कारणं शहराला 'हड'कडे पाठवायच्या कागदपत्रांना जोडावी लागतात.