सीएमईचा रविवार कुठे द्यावा: मॅनिकिन, केस चर्चा की मोबाइलवरचे प्रश्न?

पाच वर्षांत किमान 30 तास सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं चालू शिक्षण, असं वैद्यक परिषदेची 2002 ची नियमावली सांगते. आपल्या गोव्यात पणजी-मडगावच्या परिषदांत बसून तास भरतात. पण 1999 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात नुसत्या भाषणांनी डॉक्टरांच्या कामात फरक पडल्याचं दिसलं नाही, चर्चा आणि सराव असलेल्या सत्रांनी मात्र पडला. वाळपई, पेडणे किंवा काणकोणात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याने मग मोकळा रविवार कशाला द्यावा?

दवाखान्यात इंजेक्शनं देत असाल, तर आधी मॅनिकिनवरचा, म्हणजे माणसाच्या पुतळ्यावरचा सराव. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत, प्रौढाला 0.5 मिग्रॅ ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, हे आपल्याला पाठ असतं. पण ॲम्प्युल कुठल्या खणात आहे, ते कोण फोडणार, 108 ला फोन कोण लावणार, हे प्रसंग करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून सिस्टरनाही बरोबर न्या. सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब 5 ते 6 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120. दोन मिनिटांत हात भरून येतात, हे तिथेच कळतं. खर्च जास्त, आणि काही महिन्यांत हात विसरतो. प्रशिक्षणाचं कार्ड दोन वर्षं चालत असलं तरी मध्ये उजळणी हवीच.

निदानात अडत असाल, तर छोट्या गटातली केस चर्चा मला सर्वांत मोलाची वाटते. काजूच्या हंगामात सत्तरीतला बागायतदार ताप, डोकेदुखी, अंगदुखी घेऊन येतो. प्लेटलेट कमी. पुढची माहिती मिळण्याआधी प्रत्येकाने निदान कागदावर लिहायचं. बहुतेक जण डेंग्यू लिहितात. मग कोणीतरी विचारतं, रानात माकडं मेली होती का? गोचीड चावली का? 2015 पासून सत्तरीत गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे, हे ऐकलेलं असतं. पण स्वतःच्या अक्षरातलं चुकलेलं निदान समोर असलं की ते डोक्यात बसतं. चर्चा चालवणारा कन्सल्टंट मात्र थांबून ऐकणारा हवा. तोच बोलत सुटला तर ते पुन्हा भाषणच.

मोबाइलवर ठरावीक दिवसांनी येणारे प्रश्न स्वस्त, रविवारही वाचतो, आठवणही पक्की होते. सर्पदंशात रक्त गोठण्याची चाचणी 20 मिनिटांची, नळी काचेची, कोरडी, स्वच्छ हे ते शिकवतील. तशी नळी तुमच्या दवाखान्यात आहे का, हे त्यांना कळत नाही.

मधुमेहासारख्या दीर्घ आजारांसाठी ‘इको’ पद्धत बघा. डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 साली न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सीसाठी ती सुरू केली: गावातला डॉक्टर व्हिडिओवर आपली केस मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर त्यावर बोलतात. 2011 च्या अभ्यासात अशा डॉक्टरांचे निकाल विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच चांगले आले. काणकोणाहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची खेप वाचते, हा आपल्याकडचा मोठा फायदा.

माझा क्रम असा: वर्षातून एकदा मॅनिकिन, महिन्याला केस गट, प्रश्न अधूनमधून. वर्कशॉपचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारा, एका मॅनिकिनमागे किती जण आहेत. सहापेक्षा जास्त म्हणाले, तर पुढची तारीख घ्या.