मुलांची खोली आणि ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट
पोरांची खोली कमी बजेटमध्ये करायची असेल तर मॉलमधलं कार्टूनवालं फर्निचर घ्यायच्या आधी मुंबईत जोगेश्वरी वेस्टचं ओशिवरा मार्केट बघाच, इथे जुनं फर्निचर मिळतं. आम्ही तिथून जुन्या सागवानाचा बेड घेतला, दुकानदाराने पॉलिश मारून खाली चाकांचा पुल-आऊट बेडपण बनवून दिला, त्यामुळे रात्री दोघं आरामात झोपतात आणि दिवसा खेळायला अख्खी जमीन मोकळी, आणि खर्च नव्या बंक बेडच्या निम्म्याच्या आत!

घासाघीस तर करायचीच, पण आधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागून बघा, बारीक भोकं आणि भुसा दिसला की लाकूड पोखरलंय समजा, सरळ पुढचं दुकान गाठा. प्लायचं (प्लायवूडचं) बनवून घेणार असाल तर त्यावरच्या शिक्क्यातला आयएस नंबर बघा, ३०३ म्हणजे साधा, ७१० पाणी सोसणारा, खिडकीखालच्या कपाटाला मुंबईच्या पावसात ७१०च हवा. आणि कपाट एल-अँगलने (एल आकाराच्या पट्टीने) भिंतीला पक्कं करा, पोरं ड्रॉवरवर चढतातच, इथे अजिबात चालढकल नको. टेम्पोवाल्याशी जिना चढवायचे पैसे आधीच ठरवा, आमच्याकडून दारात आल्यावर जास्तीचे मागितले, फार राग आला. बाकी माल एक नंबर, स्टडी टेबलपण इथूनच घेणार.