पालकाला युरिया की अमोनियम सल्फेट?

पालेभाजीला वरखत म्हणून, म्हणजे उभ्या पिकाला वरून द्यायचं खत म्हणून, यातलं कुठलं टाकावं, असं पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी विचारलं. दक्षिण सोलापूरच्या चुनखडीच्या काळ्या रानात मी दोन्ही वापरलंय, तेवढ्यावरूनच सांगतो.

पैशाच्या हिशेबात युरियाला तोड नाही. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, नत्र 46 टक्के. सल्फेटात नत्र साडेवीस टक्क्यांच्या आसपास आणि गोणी कितीतरी महाग. दहा गुंठ्यांना पाच किलो नत्र द्यायचं तर युरिया 11 किलोत भागतो, सल्फेट 24 किलोंच्या वर लागतं. युरियाची वाढही डोळ्यात भरते. पाणी दिल्यावर आठवड्यात वाफा काळाभोर दिसतो.

माझं अडलं ते बाजारात. युरियावर वाढलेला पालक पान रुंद, देठ लांब, पण आत नुसतं पाणी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात संध्याकाळी कापायचा, पेंड्या बांधायच्या, ओलं पोतं टाकून रात्रीच गाडीत भरायचा. एवढं करून पहाटे पोतं उचललं की पेंडीनं मान टाकलेली. व्यापारी पेंडी हातात धरून एकदा झटकतो, देठ लवला की बाजूला ठेवतो. कितीदा तरी निम्म्या भावात माल सोडून परत आलोय. पालेभाजी शेकड्याच्या भावानं जाते, वजनावर नाही. मग पानात भरलेल्या त्या पाण्याचा मला उपयोग काय?

सल्फेटावरचा पालक दोन-तीन दिवस उशिरा कापणीला येतो. पान थोडं आखूड, पण जाड, आणि पहाटेपर्यंत ताठ. त्यातलं गंधक 23-24 टक्के असतं, त्याचा हात असावा असं मला वाटतं. पाण्याच्या पाळीचाही असेल, नाही म्हणत नाही. आमच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, तेही सल्फेटावर कमी दिसलं. युरियानं ते कधी हटलं नाही. ही लोहाची कमतरता, ती नत्रानं भागत नाही.

एक मात्र सांगायला हवं. चुनखडीच्या रानात यातलं कुठलंही खत वर पडून राहिलं की नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. मातीआड करा, लगेच पाणी द्या. ओल्या पानावर फेकू नका, पान करपतं. मेथीच्या मुळांना स्वतःच्या गाठी असतात, तिला दोन्हीतलं थोडंच पुरतं. पालकाला मात्र दर कापणीनंतर हप्ता लागतो.

थंडीत, माल जवळच्या आठवडी बाजारात त्याच दिवशी जाणार असेल, तर युरियाही चालेल, खर्च वाचतो. माझे पालकाचे सगळे वाफे यंदा सल्फेटावर आहेत. युरियाची गोणी मक्यासाठी ठेवलीय.