आठ महिने वीज मोजल्यानंतर : वर्ग ए नोंदणी यंत्राचा अनुभव

शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग यंत्रे), तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे लेथ आणि एक कॉम्प्रेसर एवढाच पसारा. आजूबाजूला फौंड्र्या आहेत आणि त्यांच्या इंडक्शन भट्ट्या दिवसभर सुरू-बंद होत असतात. यंत्र मध्येच थांबून जॉब वाया जाण्याचे प्रकार वाढले, तेव्हा गेल्या ऑक्टोबरमध्ये मुख्य पॅनेलवर वीजगुणवत्ता नोंदवणारे यंत्र बसवले. मेअखेर त्याला आठ महिने झाले. यंत्राच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आयईसी ६१०००-४-३० या आंतरराष्ट्रीय मानकातील वर्ग एचे, म्हणजे सर्वांत काटेकोर गटातले, कोणतेही यंत्र ठरवून दिलेल्या एकाच रीतीने मोजते आणि मला लिहायचे आहे ते त्या रीतीविषयी.

ती रीत अशी. दहा आवर्तनांचा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा एक तुकडा घेऊन त्याचे आरएमएस व्होल्टेज, म्हणजे सतत वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजचे परिणामी मूल्य, काढले जाते. मग या प्रत्येक आकड्याचा वर्ग करून त्यांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले जाते आणि त्यातून ३ सेकंदांचा, १० मिनिटांचा व २ तासांचा असे आकडे तयार होतात. आठवड्यात दहा मिनिटांचे १००८ आकडे जमतात. युरोपातील ईएन ५०१६० या मानकानुसार त्यांपैकी ९५ टक्के आकडे २३० व्होल्टच्या १० टक्के वर-खाली, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्टच्या दरम्यान असले की त्या निकषावर पुरवठा योग्य ठरतो. उरलेल्या आकड्यांसाठी खालची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केलेली आहे.

पहिल्या आठवड्याचा अहवाल संपूर्ण हिरवा आला. त्याच आठवड्यात आमची व्हीएमसी दोनदा बंद पडली होती. यंत्र सदोष असावे असे वाटून मी विक्रेत्याला फोनही केला, पण दोष यंत्राचा नव्हता. समजा, व्होल्टेज दशांश सेकंदापुरते ४० टक्क्यांवर, म्हणजे ९२ व्होल्टपर्यंत कोसळले आणि उरलेली दहा मिनिटे नेमके २३० राहिले, तर त्या दहा मिनिटांचा आकडा २२९.९८ येतो. वर्ग एच्या यंत्राला व्होल्टेज मोजताना ०.१ टक्का, म्हणजे ०.२३ व्होल्ट इतकी चूक मान्य असते. ज्या धक्क्याने माझा टूल तुटला, तो या सरासरीत यंत्राच्या मान्य चुकीपेक्षाही लहान दिसतो. म्हणूनच मानकात डिपची, म्हणजे व्होल्टेजच्या अशा क्षणिक घसरणीची, मोजणी वेगळी ठेवली आहे : एका आवर्तनाचे आरएमएस दर अर्ध्या आवर्तनाला नव्याने काढले जाते आणि ते ९० टक्क्यांच्या खाली गेले की घटना म्हणून नोंदवले जाते. अहवालात ही यादी शेवटच्या पानावर, लहान अक्षरांत होती. आता मी अहवाल शेवटच्या पानापासूनच वाचायला घेतो.

९५ टक्क्यांच्या नियमाचा हिशेबही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. १००८ पैकी ५० आकडे मर्यादेबाहेर गेले तरी आठवडा उत्तीर्ण होतो. म्हणजे सव्वाआठ तासांहून जास्त वेळ. हा वेळ विखुरलेला असता तर हरकत नव्हती, पण आमच्याकडे व्होल्टेज पडते ते संध्याकाळी, दुसऱ्या पाळीत. कामाच्या सहा दिवसांवर हे ५० आकडे वाटले तर रोज सुमारे ८० मिनिटे वाईट वीज मिळूनही अहवाल हिरवाच राहील. त्यात साप्ताहिक सुट्टीचे १४४ आकडे छेदात मिळतात, तेही वसाहतीतील यंत्रे बंद असतानाचे. मी आता सुट्टीचा दिवस वगळतो आणि संध्याकाळी सहा ते दहाचे शतमक, म्हणजे ठरावीक टक्के आकडे ज्याच्या खाली येतात ते मूल्य, वेगळे काढतो. शिवाय आपल्याकडे लघुदाबासाठी सहा टक्क्यांची, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टची मर्यादा रूढ आहे, तीही यंत्रात हाताने भरावी लागली. एवढे केल्यावर नोव्हेंबरच्या ज्या आठवड्यांना आधी शेरा नव्हता, त्यांतील दोन लाल झाले. मोजमाप तेच होते.

सॉफ्टवेअरविषयी एक तक्रार आहे. डिप किंवा वीज खंडित झाली की मानकानुसार त्या काळातील इतर आकड्यांवर खूण केली जाते, जेणेकरून एकच बिघाड अनेक निकषांत मोजला जाऊ नये. खूण केलेल्या आकड्यांचे काय करायचे, हे वापरणाऱ्याने ठरवायचे असते; या सॉफ्टवेअरने मात्र न विचारता ते गाळले होते. परिणामी सर्वांत वाईट संध्याकाळी सर्वांत कमी आकडे हिशेबात आले. ही निवड बदलण्याची सोय मेनूच्या इतकी आत आहे की मला ती जानेवारीत सापडली.

आठ महिन्यांत ३१ डिप नोंदवले गेले. तिन्ही फेजवर एकाच वेळी झालेली घसरण एक धरली आहे आणि एका मिनिटात लागोपाठ आलेले डिपही एकच मोजले आहेत. नऊ वेळा यंत्र थांबले. नऊही वेळा उरलेले व्होल्टेज ६० टक्क्यांच्या खाली होते. एवढ्या संख्येवरून काय ठरवता येते? घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे मानले तर प्रमाण विचलन ३१ चे वर्गमूळ, म्हणजे साडेपाचच्या आसपास येते. त्याच्या दुप्पट वर-खाली धरले तर खरा दर आठ महिन्यांना २० ते ४२ यांपैकी काहीही असू शकतो. याच हिशेबाने दहा टक्क्यांच्या अचूकतेने दर सांगायचा तर सुमारे ४०० घटना जमाव्या लागतील. याच गतीने त्याला साडेआठ वर्षे लागतील. त्यातही घटना स्वतंत्र नाहीतच. जानेवारीत एकही डिप नव्हता, मे महिन्यात बारा आले आणि त्यांतील दहा वळवाच्या पावसाच्या दोन संध्याकाळी आले. त्यामुळे ‘महिन्याला सरासरी चार डिप’ हे वाक्य मी कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही. प्रत्येक घटनेची वेळ, उरलेले व्होल्टेज आणि कालावधी यांचा तक्ता जोडला, तो वीजपुरवठा करणाऱ्या कार्यालयाने निदान वाचला तरी.

हार्मोनिक्सबाबत, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा लहरींबाबत, थोडक्यात लिहितो. व्होल्टेजमधील एकूण विकृती आठ टक्क्यांच्या मर्यादेत राहिली, मात्र पाचवा व सातवा हार्मोनिक फौंड्रीतून येतो की आमच्याच ड्राइव्हमधून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणातून), हे या एका आकड्यावरून सांगता येत नाही. फ्लिकरचा निर्देशांक तर मुळात ६० वॉटच्या पिवळ्या बल्बची लुकलुक डोळ्याला किती जाणवते यावर बेतलेला आहे. आमच्या शेडमध्ये तसला बल्ब शेवटचा कधी लावला होता, तेही आठवत नाही.

खर्च भरून निघाला तो एका निर्णयामुळे. बहुतेकांनी मला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्यायला सांगितले होते. तो संध्याकाळच्या संथ घसरणीवर चालतो. मोटरने ब्रश सरकवून व्होल्टेज सावरणाऱ्या यंत्राला ८० मिलिसेकंदांचा डिप कळेपर्यंत तो संपलेला असतो. नोंदी तपासल्यावर दिसले की थांबण्याच्या नऊपैकी सात वेळा ड्राइव्हने अलार्म दिलाच नव्हता, नियंत्रण मंडलाचा कॉन्टॅक्टर (विजेने धरून ठेवलेला स्विच) सुटला होता. त्या मंडलाला मार्चमध्ये लहान यूपीएस जोडला. त्यानंतर ६० टक्क्यांखालचे चार डिप आले आणि यंत्र एकदा थांबले. चार ही संख्या फारच लहान आहे, हे वरच्या हिशेबानंतर मला वेगळे लिहायला नको. अजून नोंदीत पावसाळा आलेला नाही, त्यामुळे यंत्र सप्टेंबरअखेरपर्यंत पॅनेलवरून काढणार नाही.