वेस्टमिन्स्टरची प्रेक्षक गॅलरी : एका जुन्या हुजूर मतदाराचे परीक्षण

लंडनमध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहाचे कामकाज प्रेक्षक गॅलरीत बसून कोणालाही विनाशुल्क पाहता येते, आणि ब्रिटनच्या रहिवाशांना आपल्या खासदारामार्फत वेस्टमिन्स्टर राजवाड्याची, म्हणजे संसदेच्या इमारतीची, मोफत फेरीही मिळते. मी एकाच आठवड्यात दोन्हींचा लाभ घेतला. माझी बाजू आधीच सांगितलेली बरी. २०१० पासून सलग चार निवडणुकांत मी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला मत दिले. पहिल्या वेळी तर माझ्याकडे भारतीय पासपोर्टच होता, कारण राष्ट्रकुलातील देशांच्या येथे रीतसर राहणाऱ्या नागरिकांना हा देश संसदीय निवडणुकीतही मताचा हक्क देतो. २०२४ साली मात्र मी मतदानाला गेलो नाही.

फेरीबद्दल तक्रार करण्यासारखे काहीही नाही. सुरक्षा तपासणी विमानतळासारखी कडक असली, तरी कर्मचारी अदबीने वागतात. १०९७ मध्ये उभ्या राहिलेल्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पाय ठेवला की वरच्या लाकडी छताकडे नजर जाते, ती लवकर खाली येत नाही. पहिल्या चार्ल्स राजाचा खटला इथेच चालला आणि तो जिथे बसला होता, ती जागा फरशीवर पितळी पट्टी बसवून दाखवलेली आहे. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉमन्सचे दालन जळून गेले. ते पुन्हा बांधताना चर्चिल यांनी जुनाच छोटा आकार कायम ठेवण्याचा आग्रह धरला. म्हणून आज ६५० सभासदांसाठी केवळ ४२७ जागा आहेत, आणि दालनाबाहेरची कमान जळक्या, तडकलेल्या दगडांचीच आहे. मी तिच्यावर हात ठेवला, तेव्हा आपण हुजूर पक्षाला का मत देत होतो, हे मला नव्याने आठवले: जे टिकले आहे ते जपावे, आणि बदलायचेच असेल तर हळूहळू, आधीच्यांचा मान राखून बदलावे.

बुधवारी सकाळी सभापतींची मिरवणूक सेंट्रल लॉबीतून जाते. पोलीस अधिकारी टोप्या काढण्याचा पुकारा करतो, क्षणात सगळी लॉबी स्तब्ध होते, आणि राजदंड खांद्यावर घेतलेला अधिकारी समोरून निघून जातो. मी पाहत होतो तेव्हा माझ्या शेजारची शाळकरी मुलेही आपसूक गप्प झाली. बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारण्याचा अर्धा तास सुरू होतो. गॅलरीपुढे जाड काच आहे आणि आवाज ध्वनिक्षेपकातून येतो, त्यामुळे खालचा गोंगाट प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असूनही लांबचा वाटतो. अर्धा तास संपला आणि दोन्ही बाजूंचे सभासद घाईने बाहेर पडले. पुढच्या विषयाला उरलेली हिरवी बाके मी बोटांवर मोजू शकलो असतो.

त्या रिकाम्या बाकांकडे बघताना हुजूर सरकारांच्या चौदा वर्षांचा हिशेब मनात सुरू झाला. २०१० ते २०२४ या काळात माझ्या पक्षाने या देशाला पाच पंतप्रधान दिले आणि एकट्या २०२२ मध्ये चार अर्थमंत्री. संस्थांचा मान राखणारा पक्ष म्हणून मी ज्याच्यामागे उभा राहिलो, त्याच पक्षाच्या सरकारने २०१९ मध्ये संसद तहकूब ठेवण्याचा सल्ला राणीला दिला, आणि सर्वोच्च न्यायालयात खटला ऐकणाऱ्या अकराही न्यायाधीशांनी तो एकमुखाने बेकायदा ठरवला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी याच दालनात, अर्थसंकल्पीय अंदाज देणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अहवाल न घेता, सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली. पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोख्यांचा कोसळता बाजार सावरायला उतरावे लागले. काटकसर आणि चोख हिशेब हे आमच्या घरात हुजूर पक्षाचे पहिले लक्षण मानले जात होते, म्हणून तो आठवडा मला पराभवापेक्षाही जास्त लागला. स्थलांतराचेही तेच. मी स्वतः बाहेरून आलेला आहे, पण निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) वर्षाला एक लाखाच्या आत आणू, असे २०१० च्या जाहीरनाम्यात लिहिले होते आणि २०२३ पर्यंत तो आकडा नऊ लाखांच्या घरात गेला. आकडा मोठा असावा की लहान, यावर वाद होऊ शकतो. दिलेला शब्द चौदा वर्षे पुन्हा पुन्हा मोडत राहणे मात्र मला सोसवत नाही. वेगवान रेल्वेचा मँचेस्टरकडे जाणारा टप्पा रद्द केल्याची घोषणा तर मँचेस्टरमध्येच, एकेकाळचे रेल्वे स्थानक असलेल्या इमारतीत, पक्षाच्या अधिवेशनात झाली.

२०२४ मध्ये हुजूर पक्षाचे १२१ सभासद उरले. मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर चारशेहून अधिक जागा मिळाल्या. तिकडे वळावे असे मला त्यानंतरही वाटलेले नाही. खुद्द राजवाड्याच्या दुरुस्तीचा प्रश्नही दोन्ही पक्षांनी वर्षानुवर्षे पुढे ढकलला आहे, आणि आग लागू नये म्हणून तिथे रात्रंदिवस गस्त घालावी लागते.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. छायाचित्रे काढण्याची मुभा वेस्टमिन्स्टर हॉल आणि सेंट स्टीफन्स हॉल इथेच आहे, फेरीत हिरव्या बाकांवर बसू देत नाहीत, आणि बुधवारच्या प्रश्नोत्तरांचे तिकीट खासदाराकडे बरेच आधी मागावे. पण निवड करायचीच झाली तर मी दिवसाच्या अखेरच्या अर्ध्या तासाची शिफारस करेन. तेव्हा एखादा सभासद आपल्या मतदारसंघातला एकच प्रश्न मांडतो आणि मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. मी गेलो त्या संध्याकाळी विषय होता एका गावातला बंद पडलेला पूल. दालनात जेमतेम सात-आठ जण होते. बोलणाऱ्या बाईंनी पुलामुळे शाळेला वळसा घालाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या सांगितली, मंत्र्यांनी ती वहीत लिहून घेतली, आणि कोणीही कोणाला मध्ये तोडले नाही.